केदार : थांबण्याचे क्रियापद

'केदामोस एन एल ओतेल' आणि 'नोस केदामोस एन एल ओतेल' या दोन स्पॅनिश वाक्यांत फरक आहे तो फक्त 'नोस' या चिमुकल्या शब्दाचा. पहिल्याचा अर्थ, निदान स्पेनमधल्या माणसाच्या तोंडी, 'आपलं हॉटेलवर भेटायचं ठरलं'. दुसऱ्याचा अर्थ 'आपण हॉटेलवरच राहिलो'. पहिल्या वाक्यातली मंडळी घराबाहेर पडायच्या तयारीत आहेत, दुसऱ्यातली बाहेर पडलेलीच नाहीत. क्रियापद मात्र दोन्हीकडे एकच : केदार. देवनागरीत लिहिले की ते शेजारच्या मुलाचे नाव वाटते. उच्चारात जोर 'दा'वर असतो, 'द' इतका सैल की जीभ दातांना जेमतेम शिवते, आणि शेवटचा 'र' स्पष्ट वाजतो.

स्पॅनिश शिकणाऱ्याची या क्रियापदाशी गाठ पहिल्या काही महिन्यांतच पडते आणि मग ते वर्षानुवर्षे नवे अर्थ दाखवत राहते. शिल्लक उरणे, मुक्काम करणे, एखादी जागा अमुक ठिकाणी असणे, भेट ठरवणे, कपडा अंगाला बसणे, चारचौघांत शोभा होणे, विधुर होणे, वस्तू स्वतःकडे ठेवून घेणे, या सगळ्यांसाठी केदार चालते. कोशांत हे अर्थ क्रमांक घालून एकाखाली एक मांडलेले असतात. कोशाला तसे करावेच लागते, पण शिकणारा ती यादी पाठ करू लागला की पाचव्या-सहाव्या अर्थापाशी पहिला विसरतो. या सगळ्या अर्थांच्या मागे खरे तर एकच चित्र आहे. काहीतरी हलत होते, चालू होते किंवा अधांतरी होते, ते थांबले. थांबल्यावर जे जिथे आणि ज्या स्थितीत सापडले, ते केदार. मराठी भाषकाला हे चित्र परके वाटू नये. राहणे, ठरणे, बसणे आणि पडणे ही मराठी क्रियापदेही थांबण्याचेच चित्र उभे करतात, आणि केदारचे बहुतेक सगळे काम या चौघांनी आपसांत वाटून घेतले आहे.

केदारचे मूळ लॅटिनमध्ये आहे. 'क्विएतुस' म्हणजे शांत, स्वस्थ. त्यावरून 'क्विएतारे' म्हणजे शांत करणे, स्वस्थ करणे, आणि त्याचेच घासून केदार झाले. इटालियनमध्ये या घराण्यातले 'केतारे' अजूनही शांत करणे याच अर्थाचे आहे; स्पॅनिशमधला भाऊ मात्र दूर निघून गेला. तरी जुन्या घराच्या खुणा स्पॅनिशमध्येही आहेत. 'केदो' हे विशेषण म्हणजे हळू, दबक्या आवाजातले. 'किएतो' म्हणजे निश्चल. चुळबुळ करणाऱ्या पोराला आई हाच शब्द सुनावते. काढून घेणे या अर्थाचे 'कितार' हे रोजच्या वापरातले क्रियापदही याच नात्यातले आहे. मध्ययुगीन लॅटिनमध्ये 'क्विएतुस'ला 'मोकळा, देणे फिटलेला' असा अर्थ आला आणि मोकळे करण्यातून काढून घेण्याचा अर्थ निघाला. ठेवून घेणारे केदार्से (म्हणजे 'से' हे सर्वनाम जोडलेले केदार) आणि हिरावणारे कितार ही सख्खी नसली तरी चुलत भावंडे आहेत, हे बहुतेक स्पॅनिश भाषकांच्याही ध्यानात नसते.

सर्वांत ठळक खूण 'तोके दे केदा' या शब्दप्रयोगात आहे. 'तोके' म्हणजे घंटेचा टोला किंवा भेरी आणि 'केदा' म्हणजे निवांत होण्याची वेळ. रात्री अमुक वेळेला घंटा झाली की लोकांनी घरी परतून स्वस्थ व्हायचे. आज हाच शब्द संचारबंदीसाठी वापरतात. ऑक्टोबर 2020 मध्ये स्पेनच्या सरकारने रात्री 11 ते सकाळी 6 अशी जवळपास देशव्यापी बंदी लागू केली, तेव्हा पंतप्रधान पेद्रो सांचेस यांनी हा शब्द टाळून 'रात्रीच्या संचारावरील निर्बंध' असा सरकारी वळणाचा प्रयोग पसंत केला. लोकांनी आणि वर्तमानपत्रांनी अर्थातच 'तोके दे केदा' म्हणायचे सोडले नाही.

शांत होणे आणि मागे राहणे यांत अंतर थोडेच आहे. मात्र जुन्या कॅस्टिलियनमध्ये मागे राहणे या अर्थासाठी 'फिंकार' हे दुसरे क्रियापद सर्रास चाले. ते 'रोवणे, खिळवणे' अशा अर्थाच्या लॅटिन धातूवरून आलेले होते. पुढे केदारने त्याची जागा घेतली आणि फिंकार अडगळीत गेले. त्याची आठवण मुख्यतः 'फिंका' या नामात राहिली आहे. फिंका म्हणजे जमीनजुमला, जो रोवल्यासारखा जागचा हलत नाही तो. शेजारच्या पोर्तुगीजने मात्र फिंकारचाच भाऊ 'फिकार' जवळ ठेवला आणि त्याच्यावर जवळपास हेच सगळे अर्थ लादले : राहणे, अमुक ठिकाणी असणे, होणे, शोभणे, ठेवून घेणे. गोव्यात 1961 पर्यंत पोर्तुगीज ही राज्यकर्त्यांची भाषा होती. तिथल्या ज्यांना ती अजून येते, त्यांना केदार शिकायला फार वेळ लागत नाही. फिकारच्या जागी केदार घातले की निम्मे काम होते. एका भाषेने 'निवांत'पासून सुरुवात केली, दुसरीने 'खिळलेल्या'पासून, आणि दोघी एकाच मुक्कामाला पोहोचल्या. असे घडते तेव्हा अर्थांची ही साखळी योगायोगाने जुळली, असे म्हणणे कठीण होते.

साखळीतला सर्वांत सोपा दुवा शिल्लक उरण्याचा आहे. 'केदान दोस मान्सानास' म्हणजे दोन सफरचंदे उरलीत. कोणाकडे उरलीत हे सांगायचे असेल तर क्रियापदाआधी 'मला, तुला' अशा अर्थाचे सर्वनाम येते. 'मे केदान त्रेस दिआस' म्हणजे माझे तीन दिवस राहिलेत. क्रियापदाचे वचन माणसाप्रमाणे बदलत नाही, दिवसांप्रमाणे बदलते. एक दिवस राहिला असेल तर 'मे केदा', तीन राहिले असतील तर 'मे केदान'. इंग्रजी मातृभाषा असलेला विद्यार्थी इथे हमखास अडखळतो, कारण त्याच्या भाषेत 'मी' कर्ता असतो. मराठीला ही रचना मुळातच अंगवळणी आहे. 'मला भूक लागली', 'मला दोन मुली आहेत' असे म्हणणाऱ्याला इथे नवे काहीच शिकायचे नसते. व्हायचे काम उरले असेल तर त्याच क्रियापदाला 'पोर' जोडतात : 'केदा मूचो पोर आसेर', बरेच करायचे राहिले आहे. आणि उरलेलेच संपले तर 'केदार्से सिन', म्हणजे अमुकाविना राहणे : नोकरीविना, पेट्रोलविना, शब्दांविना.

उरण्यापासून असण्याकडे जाणारी वाट आणखी मजेदार आहे. लॅटिन अमेरिकेत वाट विचारताना 'दोंदे केदा ला एस्तासिओन?' असे विचारतात : स्टेशन कुठे आहे? स्पेनमध्येही ते समजते, पण तिथे साध्या 'एस्तार' या 'असणे'वाचक क्रियापदाची सवय जास्त. केदारचा हा वापर हलवता न येणाऱ्या गोष्टींपुरताच असतो. स्टेशन, गाव, दुकान, डोंगर यांना तो चालतो. स्वयंपाकघरात असलेल्या माणसासाठी किंवा टेबलावरच्या चष्म्यासाठी चालत नाही. इथेही सर्वनाम जोडले की दृष्टिकोन येतो. 'मे केदा लेखोस' हे वाक्य नकाशातले अंतर सांगत नाही, बोलणाऱ्याचे सांगते. मराठीत त्याला अगदी नेमका प्रतिशब्द आहे : 'मला ते लांब पडतं'. कर्ता जागा, अनुभवणारा 'मला', आणि क्रियापद स्थिरावण्याचे. शब्दकोशात 'पडणे'समोर केदार लिहिलेले सापडणार नाही, पण इथे दुसरा कोणताही मराठी शब्द इतका चपखल बसत नाही.

अवस्थेचा अर्थ सर्वांत समृद्ध आहे आणि शिकायला अवघडही. मराठीच्या 'होणे'साठी स्पॅनिशमध्ये एक सरसकट क्रियापद नाही. रागाने लाल होणे यासारख्या क्षणिक बदलाला 'पोनेर्से', वेडा होण्यासारख्या स्वभाव पालटणाऱ्या बदलाला 'बोल्बेर्से', डॉक्टर किंवा श्रीमंत होण्यासारख्या घडत गेलेल्या बदलाला 'आसेर्से'. आणि एखाद्या घटनेनंतर माणूस ज्या अवस्थेत उरतो, तिला 'केदार्से'. म्हणून आंधळा, बहिरा, लंगडा, टकला, विधुर, पोरका, एकटा होणे, हे सगळे केदारच्या वाट्याला येते. ही यादी पाहून काही पाठ्यपुस्तके हे नुकसानीचे क्रियापद असल्याचे सांगतात. ते अर्धेच खरे. 'केदार्से त्रांकीलो' म्हणजे निर्धास्त होणे, 'केदार कोंतेंतो' म्हणजे समाधान पावणे. यांत कसलेच नुकसान नाही. अपघात, मृत्यू, बातमी, जेवण, काहीही घडून गेले की मागे जी स्थिती राहते तिच्यावर केदारचा भर असतो. माणसाच्या आयुष्यात घडून जाणाऱ्या गोष्टी बऱ्याचदा काहीतरी घेऊन जातात, म्हणून यादी दुःखी दिसते, इतकेच.

गर्भवती होण्यासाठीही 'केदार' किंवा 'केदार्से'च वापरतात. मराठीत 'तिला दिवस राहिले' किंवा 'गर्भ राहिला' असे म्हणताना राहण्याचेच क्रियापद वापरले जाते, ही जुळणी विलक्षण आहे. झोप लागण्याचेही तसेच : 'से केदो दोर्मिदो' म्हणजे त्याला झोप लागली, शब्दशः तो झोपलेला राहिला. ऐकून थिजण्यासाठी 'केदार्से दे पिएद्रा', म्हणजे दगडाचे होऊन राहणे. केदार्सेपुढे चालू कृती दाखवणारे रूप आले की मराठीची सावलीच पडते : 'से केदो मिरांदो', तो बघत राहिला. 'बघतच बसला' म्हटले तरी चालेल.

कायद्याच्या आणि पाट्यांच्या भाषेत हाच अवस्थेचा अर्थ हुकमाची जागा घेतो. 'केदा प्रोइबिदो फुमार' ही पाटी धूम्रपानास मनाई करते. पोलिसाचे 'केदा उस्तेद देतेनिदो' म्हणजे 'तुम्हाला अटक करण्यात येत आहे'. वाक्य उच्चारताच स्थिती बदलते आणि बदललेली स्थिती कायम होते, म्हणून इथे 'असणे'वाचक एस्तार लंगडे पडते. ते फक्त खबर देते. केदार अंमल करते. स्पर्धेचा निकालही असाच लागतो. 'केदो सेगुंदा' म्हणजे ती दुसरी आली. धावणे संपले, धूळ खाली बसली आणि तिचे स्थान दुसरे ठरले.

'ठरले' हा शब्द इथे मुद्दाम आला आहे. मराठी 'ठरणे' आज निश्चित होण्यासाठी वापरतात, पण 'नजर ठरत नाही' या वाक्प्रचारात त्याचा थांबण्याचा जुना अर्थ टिकून आहे आणि हिंदीतल्या 'ठहरना'त तो रोज ऐकू येतो. चर्चा फिरत होती, ती एका जागी थांबली, म्हणजेच ठरले. केदार नेमके याच वाटेने गेले आहे. 'केदामोस एन इर' म्हणजे आमचे जायचे ठरले. 'केदामोस आ लास ओचो' म्हणजे आठला भेटायचे ठरले. कोणी क्षणाक्षणाला बेत बदलू लागला की वैतागून विचारतात, 'एन के केदामोस?', म्हणजे 'शेवटी ठरलं काय आपलं?' वर्तमानकाळ आणि साधा भूतकाळ यांत 'आम्ही'चे रूप एकच असल्यामुळे 'केदामोस' हा सुटा शब्द प्रश्नार्थक सुरात आमंत्रण असतो, सांगण्याच्या सुरात झालेल्या ठरावाची बातमी. भेट ठरवण्याचा हा अर्थ प्रामुख्याने स्पेनमधला. तिथे त्यावरून 'केदादा' हे नामही निघाले, म्हणजे ठरवून जमलेले संमेलन. अमेरिका खंडात भेटण्यासाठी भेटण्याचीच क्रियापदे वापरतात. शब्द दिला या अर्थी मात्र मेक्सिकोत आणि इतरत्रही 'केदार दे' म्हणतात : 'केदो दे यामार्मे', त्याने फोन करतो म्हणून सांगितले होते. बहुधा केलेला नसतो.

इथे 'से'चा प्रश्न येतो, ज्याच्या 'नोस' या 'आम्ही'साठीच्या रूपाने ('मी'साठी 'मे') सुरुवातीचे हॉटेल दोन केले. केदार आणि केदार्से यांच्यातली सीमा कुंपणासारखी पक्की नाही. ढोबळ नियम असा की माणूस निघून जाऊ शकत होता पण तिथेच थांबला, तर 'से' लागते. 'मे केदो एन कासा' म्हणजे मी घरीच थांबतो. उरणे, ठरणे, असणे, शोभणे यांना 'से' लागत नाही. अवस्थेच्या अर्थात दोन्ही चालतात. माणसांच्या बाबतीत स्पेनमध्ये 'से'कडे ओढा असतो, तर अमेरिकेत 'से'विना विधुर होणारेही पुष्कळ. जिथे 'से'ने अर्थ उलटतो तिथे जपावे लागते. 'केदो कोन आना' म्हणजे मी आनाला भेटायचे ठरवतो. 'मे केदो कोन आना' म्हणजे मी आनाबरोबर थांबतो किंवा अनेकींमधून आनाची निवड करतो, आणि स्पेनच्या बोलीत चक्क आनाची फिरकी घेतो.

'केदार्से कोन' हा प्रयोग बाजारात रोज ऐकू येतो. दोन सदरे पाहून झाल्यावर 'मे केदो कोन एल आसूल' म्हटले की निळा पक्का. देवघेव होऊन जे अखेर आपल्या हाती राहते, ते आपले. टॅक्सीवाल्याला 'केदेसे कोन एल काम्बिओ' म्हणायचे असते तिथे मराठी माणूस 'सुटे राहू द्या' म्हणतो. दोघेही राहण्याच्याच क्रियापदाने टिप देतात. लहान मुलांच्या पकडापकडीत ज्याच्यावर राज्य येते, त्याच्याबद्दलही स्पेनमध्ये हेच क्रियापद वापरतात. नको असलेली गोष्ट ज्याच्या अंगावर राहिली, तो.

निळा सदरा घेण्याआधी तो घालून पाहावा लागतो. 'ते केदा ब्येन' म्हणजे तुला छान दिसतो, नीट बसतो. 'ते केदा ग्रांदे' म्हणजे तुला मोठा होतो. मराठीचे 'बसणे' इथे थेट लागू पडते : कपडा अंगावर चढला, सुरकुत्या जागच्या जागी गेल्या, आता दिसतो तसा दिसतो. याच कल्पनेवरून माणूसही समाजात 'चांगला' किंवा 'वाईट' बसतो. 'केदार ब्येन' म्हणजे चांगले दिसणे, लोकांची मर्जी राखणे. 'केदार माल' म्हणजे वाईटपणा पदरी येणे. लग्नाला रिकाम्या हाताने जाणारा 'केदा माल'. जेवायला बोलावले तर नको म्हणताना वाईट वाटेल म्हणून दुसरी पोळी घेणारा केवळ 'पोर केदार ब्येन' घेतो. हा फरक व्याकरणाच्या तक्त्यात येत नाही, पण स्पॅनिश घरात पाहुणा म्हणून जाणाऱ्याला तो भूतकाळाच्या रूपांआधी कळलेला बरा.

प्रदेशाप्रदेशाने केदारने आणखी रंग धरले आहेत. मेक्सिकोत नळ दुरुस्त करणारा काम आटोपून 'या केदो' म्हणतो, म्हणजे 'झालं'. लॅटिन अमेरिकेच्या बऱ्याच भागांत छत्री विसरली की 'से मे केदो एल पाराग्वास' म्हणतात. यात दोष छत्रीवर जातो. ती राहिली, आणि 'मे' तेवढा तिचा दुर्दैवी मालक. मराठीत 'माझी छत्री राहिली' म्हणताना हीच सोय असते, तर स्पेनमध्ये बहुतेक जण 'मी सोडून आलो' किंवा 'मी विसरलो' असे म्हणून दोष स्वतःकडे घेतात.

खुद्द स्पेनच्या पश्चिमेला, लेओन, सालामांका आणि एस्त्रेमादुरा या भागांत, एक वेगळीच चाल दिसते. तिथे बोलण्यात केदार सकर्मक होते. 'केदे लास याबेस एन कासा' म्हणजे मी किल्ल्या घरी ठेवल्या किंवा सोडल्या. प्रमाण भाषेत यासाठी 'देखार' हे क्रियापद आहे, आणि स्पॅनिश अकादमी या वापराला प्रमाण मानत नाही. बोलणाऱ्यांना त्याने फरक पडत नाही; 'राहणे' आणि 'ठेवणे' अशी दोन क्रियापदे कशाला बाळगायची, एकानेच भागते, असा त्यांचा हिशेब दिसतो. गंमत अशी की व्युत्पत्तीच्या बाजूने पाहिले तर चूक म्हणून गणलेली हीच रचना मुळाच्या जवळ आहे. लॅटिन 'क्विएतारे' सकर्मकच होते : कोणाला तरी, कशाला तरी स्वस्थ करणारे. किल्ल्या घरी, आपल्या जागी, स्वस्थ पडलेल्या असतात.